आयएफएस नाहीतर लग्न, ही कसली अट?

नमस्कार भाऊ, पत्र वाचलं. मुलगी टीवायबीएला, पॉलिटिकल सायन्स, 64 टक्के, तिला इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये एमए करायचंय आणि तुम्ही विचारताय दिल्लीतला कुठला यूपीएससी क्लास लावू. मार्कांचं मला काही वाटलं नाही, खटकलं ते शेवटचं वाक्य, दोन वर्षं देतो, आयएफएस म्हणजे परराष्ट्र सेवेत अधिकारी झाली तर ठीक नाहीतर स्थळं बघणार. अहो अख्ख्या पत्रात तिला आयएफएस व्हायचंय असं एकदाही आलेलं नाही, ते तुम्हाला हवंय! आणि मागे लग्नाचा धाक लावून अभ्यास होत नसतो, पोरी दिल्लीच्या रूमवर रडत बसतात आणि घरी फोनवर सांगतात मस्त चाललंय. भाऊ असता तिचा, तर त्यालाही हीच अट घातली असती का?

यूपीएससी कुठल्याही पदवीवर देता येते, त्यातून आयएफएसच्या जागा मोजक्याच, एवढं त्याबद्दल पुरे.

आता तुमचं दुसरं म्हणणं, इंटरनॅशनल रिलेशन्समधली जागतिक सुरक्षा म्हणजे मिलिटरी, तिथं मुलीचं काय काम. तुम्ही निफाडचे, द्राक्षं युरोपला पाठवता, मग 2024 च्या सीझनला काय झालं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. येमेनमधल्या हुती बंडखोरांनी नोव्हेंबर 2023 पासून लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घातला, माल दहा-बारा दिवस उशिरा पोचायला लागला, भाडं वाढलं, विमा वाढला. ना आपलं युद्ध ना आपलं सैन्य, तरी फटका बागाईतदाराला. आता सुरक्षा ही अशी असते. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तर रशियाच्या कितीतरी बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशोदेशीच्या बँका एकमेकींना पैशांचे निरोप पाठवतात त्या जाळ्यातून, बाहेर काढल्या, त्याच वर्षी अमेरिकेने चीनला भारी कॉम्प्युटर चिप्स द्यायच्या बंद केल्या, म्हणजे बँक, चिप, समुद्राखालची इंटरनेटची केबल, सगळंच हत्यार झालंय. मग बँकांना निर्बंधांचे नियम कळणारी माणसं लागतात, शिपिंग आणि विमा कंपन्यांना कुठल्या समुद्रात किती धोका हे सांगणारी लागतात. यातल्या कुणाला बंदूक धरावी लागत नाही.

पण नुसत्या एमएवर कोणी नोकरी देणार नाही, हेही तिला सांगा. थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थांत, सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. पुणे विद्यापीठात डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजचा विभाग आहे तो बघा, दिल्लीच्या जेएनयूसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि सोबत एक परकीय भाषा धरायचीच, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला रशियन, जपानी शिकवतात. एक्सेल आणि डेटाचं काम यायलाच हवं, इंग्रजीत दोन पानं नीट लिहिता यायला हवीत, ते कच्चं असेल तर आत्तापासून रोज.

क्लासचं नाव मुद्दाम देत नाहीये. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा, कुठला देश, कुठला विषय डोक्यात आहे हे कळलं की कुठे अर्ज करायचा ते सांगतो.