रेडिओच्या आधी कानात

प्रश्न : ट्रान्झिस्टर आधी श्रवणयंत्रात बसला आणि रेडिओत नंतर, असं वाचनात आलं. रेडिओला एवढं गिऱ्हाईक असताना हे कसं? – एक वाचक, सातारा

उत्तर : वाचलंत ते खरं आहे. अमेरिकेत सोनोटोन कंपनीचं ‘१०१०’ हे श्रवणयंत्र १९५२च्या डिसेंबरअखेर विक्रीला आलं. खिशातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, रीजन्सीचा टीआर-१, आला १९५४ साली. कारण विचाराल तर बॅटरी.

दुकानात उमेदवारी करताना व्हॉल्व्हवालं जुनं कानयंत्र मी उघडून पाहिलंय. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधी आवाज वाढवण्याचं काम करणारी काचेची नळी. खजुराच्या बीएवढा काचेचा व्हॉल्व्ह, बुडातून निघालेल्या तारा थेट सोल्डर केलेल्या. बॅटऱ्या दोन : आतली तार तापवायला दीड व्होल्टचा सेल आणि व्हॉल्व्हमधल्या प्लेटसाठी, म्हणजे धातूच्या पत्र्यासाठी, साडेबावीस व्होल्टची वेगळी. कुणी बोलो न बोलो, तार तापलेलीच. घरातला रेडिओ भिंतीतल्या विजेवर चालायचा, त्याला कसली घाई? यंत्र दिवसभर अंगावर वागवणाऱ्याला मात्र सेलचा भुर्दंड कायमचा. ट्रान्झिस्टरला तापवायचं काही नाही आणि साध्या सेलवर भागतं.

तरी ‘१०१०’मध्ये ट्रान्झिस्टर एकच होता, तोही आवाज वाढवण्याच्या शेवटच्या टप्प्याला. आधीचे दोन व्हॉल्व्हच. मला ही सावधगिरी पटते. त्या वेळच्या ट्रान्झिस्टरमध्ये खरखर फार. ती पहिल्याच टप्प्यात शिरली असती तर पुढं वाढत वाढत थेट कानात. किंमत होती २२९.५० डॉलर, म्हणजे चैनीचीच वस्तू! नुसत्या ट्रान्झिस्टरवरची यंत्रं १९५३मध्ये आली, पण घाम आणि दमटपणा लागून त्यातले बरेच ट्रान्झिस्टर लवकर बसले.

आणखी एक गोष्ट. ट्रान्झिस्टर १९४७ साली जन्मला तो बेल लॅबोरेटरीजमध्ये. श्रवणयंत्रापुरती त्यांनी रॉयल्टी माफ केली, ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या स्मरणार्थ. बेल मूकबधिरांचे शिक्षक. त्यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नसे.

रेथिऑन कंपनी श्रवणयंत्रांसाठी सीके७१८ हा ट्रान्झिस्टर बनवायची. त्या कसोटीला न उतरलेला माल तिनं १९५३मध्ये सीके७२२ या नावानं हौशी मंडळींना विकायला काढला, सुरुवातीला ७.६० डॉलरला एक. त्यावर पोरांनी घरोघरी छोटे रेडिओ जुळवले.