विचारा तर खरं : व्यवहार एक, डेटाबेस दोन

मागच्या अंकात टू फेज कमिटवर (एकच व्यवहार दोन डेटाबेसमध्ये मिळून पक्का करायची दोन फेऱ्यांची पद्धत) चार ओळी लिहिल्या आणि निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या लोकांनी मेलबॉक्स भरून टाकला. सगळ्यांचं दुखणं साधारण एकच दिसतंय, म्हणून हा अख्खा अंक त्यालाच.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सॉफ्टवेअरचं काम माझ्याकडं हाय. ठेवी पोस्टग्रेसमध्ये आणि कर्जखाती जुन्या मायएसक्यूएलमध्ये. ठेवीतनं कर्जाचा हप्ता वळता करताना दोन्हीकडं एकदम कमिट व्हावं म्हणून टू फेज कमिट लावलंय, आयसोलेशन लेव्हल वर कोडमध्ये एकदाच सिरियलायझेबल लिहिलीय. तरी रात्री रिपोर्ट काढला की कधीमधी ठेवीतनं पैसे गेलेत आणि कर्जात आलेच नाहीत असं दिसतंय. सकाळी बघितलं तर सगळं बरोबर. भूत हाय काय वो? (निपाणी)

भूत नाही. डेटाबेसच्या शास्त्रात फँटम नावाचं भूत खरंच आहे (तोच शोध परत केला की मधेच उगवलेली नवी ओळ), पण तुमच्याकडं आलंय ते वेगळंच. नवख्यांसाठी आधी शब्द : ट्रान्झॅक्शन म्हणजे एक अख्खा व्यवहार, कमिट म्हणजे तो पक्का करणं, आयसोलेशन लेव्हल म्हणजे एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांना एकमेकांचं काम किती दिसू द्यायचं त्याची पायरी, आणि सिरियलायझेबल ही त्यातली सगळ्यात कडक, जणू सगळे व्यवहार एकामागून एक झाले.

टू फेज कमिट काय करतं ते आधी बघा. पहिल्या फेरीत कोऑर्डिनेटर, म्हणजे दोन्ही डेटाबेसना सांभाळणारा मधला प्रोग्रॅम, दोघांना विचारतो, तयार काय? दोघं तयार म्हणाले की दुसऱ्या फेरीत दोघांना कमिट सांगतो. पण हे दोन निरोप वेगवेगळे जातात, एक आधी पोचणार आणि एक नंतर, मधे चार मिलिसेकंद जातील नाहीतर कोऑर्डिनेटर मधेच पडला तर चार तासही जातील. ह्या फटीत तुमचा रिपोर्ट आला की ठेवीची बाजू त्याला कमिट झालेली दिसते, आणि कर्जाची बाजू अजून नुसती तयार म्हणून थांबलेली असते. मायएसक्यूएल रिपीटेबल रीडवर, म्हणजे सिरियलायझेबलच्या एक पायरी खाली, असेल, आणि त्याचा डिफॉल्ट तोच आहे, तर साधं सिलेक्ट (डेटा वाचायचा आदेश) कुणासाठी थांबत नाही, जुनी प्रत काढून हातात देतं. झालं तुमचं भूत.

म्हणजे टू फेज कमिट एवढीच हमी देतं की शेवटी दोन्हीकडं होईल नाहीतर कुठंच होणार नाही. मधल्या वेळात कोण काय बघेल ह्याची जबाबदारी त्यानं कधी घेतलेलीच नाही. आयसोलेशन ज्याचं त्यानं बघायचं, प्रत्येक डेटाबेसनं आपल्या कुंपणाच्या आत.

आता ते वर एकदाच लिहिलेलं सिरियलायझेबल. ते खाली पोचलं कशावरून? डिस्ट्रिब्युटेड, म्हणजे एकापेक्षा जास्त डेटाबेसवर पसरलेल्या, ट्रान्झॅक्शनसाठी बहुतेक ठिकाणी जो एक्सए करार चालतो (एक्स ओपन ह्या कंपन्यांच्या गटाचा, १९९१ चा) त्यातल्या ट्रान्झॅक्शन सुरू करायच्या कॉलमध्ये आयसोलेशन लेव्हलसाठी जागाच नाही. जावातल्या स्प्रिंगचा जेटीए मॅनेजर (अशी ट्रान्झॅक्शन सांभाळणारा भाग) तर तुम्ही वेगळी लेव्हल मागितली की सरळ एरर देतो, त्याला मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ऐकत नाही. मला हे वागणं आवडतं, गप्प बसून फसवण्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा बरा. तेव्हा प्रत्येक कनेक्शनवर, पहिली क्वेरी जायच्या आधी, लेव्हल स्वतः लावा आणि लावल्यावर परत विचारून लॉगमध्ये लिहा.

आणखी एक गोम आहे, नाव एक असलं तरी माल एक नसतो. निपाणी स्टँडवर दोन राज्यांच्या गाड्या लागतात, दोन्हीवर एक्सप्रेस लिहिलेलं असतं, म्हणून दोन्ही सारख्याच ठिकाणी थांबतात काय? मायएसक्यूएलच्या इनोडीबीत (त्याचं साठवणीचं इंजिन) ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कमिट होणं) बंद असताना सिरियलायझेबल लावलं की साधं सिलेक्टसुद्धा शेअर लॉक (वाचताना दुसऱ्याला लिहू न देणारं कुलूप) घेतं, म्हणजे तयार होऊन थांबलेल्या ट्रान्झॅक्शनसाठी तुमचा रिपोर्ट थांबेल. पोस्टग्रेसचं सिरियलायझेबल (२०११ च्या ९.१ पासूनचं) वाचताना कुणाला अडवत नाही, स्नॅपशॉटवर (एका क्षणाच्या डेटाच्या प्रतीवर) चालतं आणि घोटाळ्याची शक्यता दिसली की एकाला ४०००१ चा एरर देऊन बाहेर काढतं. ओरॅकलचं सिरियलायझेबल तर मुळात स्नॅपशॉट आयसोलेशनच आहे, म्हणजे नावापेक्षा ढिलं. त्यामुळं दोन्हीकडं एकच शब्द लिहिला म्हणून निर्धास्त होऊ नका.

मग करायचं काय. मी तुमच्या जागी असतो तर रिपोर्टसाठी लेव्हल चढवत बसलोच नसतो. वळत्या नोंदीच्या दोन्ही बाजूंना एकच व्हाउचर नंबर द्या, आणि रिपोर्टमध्ये ज्या व्हाउचरची जोडी सापडत नाही ती रक्कम उचंत खात्यात (न जुळलेल्या रकमांचं तात्पुरतं खातं) दाखवा. आपल्या जुन्या हिशेबनिसांनी हे केव्हाच सोडवून ठेवलंय, त्यांना डेटाबेस लागला नाही. उचंत दोन मिनिटांत रिकामं झालं तर ठीक. नाही झालं तर पोस्टग्रेसमध्ये पीजी प्रिपेअर्ड झॅक्ट्स हा व्ह्यू उघडा आणि मायएसक्यूएलमध्ये एक्सए रिकव्हर चालवून बघा, कुणीतरी तयार म्हणून अडकून पडलेला सापडेल. असा अडकलेला व्यवहार सर्व्हर रीस्टार्ट करूनही जात नाही, लॉक धरून बसतो.

प्रश्न : आमची सोसायटी मल्टिस्टेट, एक शाखा चिकोडीत आणि एक इचलकरंजीत, दोन्हीकडं वेगळा पोस्टग्रेस. नियम असा की सभासदाच्या दोन्ही खात्यांत मिळून ५,००० राहिलेच पाहिजेत. दोन्ही डेटाबेस सिरियलायझेबल, टू फेज कमिटपण आहे. तरी एकाचे मिळून २,००० च राहिले! सिरियलायझेबलच्या वर काही असतंय काय? (चिकोडी)

तुमचं पत्र वाचून मी चहा बाजूला ठेवला, कारण हा प्रश्न पुस्तकात सहसा मिळत नाही.

काय झालं असणार सांगतो. समजा दोन्ही खात्यांत प्रत्येकी ४,००० होते. बाप चिकोडीत ३,००० काढायला उभा राहिला आणि त्याच वेळी पोरगा इचलकरंजीत ३,००० काढतोय. बापाच्या ट्रान्झॅक्शननं दोन्ही खाती वाचली, बेरीज ८,०००, त्यातनं ३,००० गेले तर ५,००० उरतात, चालतंय, म्हणून चिकोडीचं खातं लिहिलं. पोराच्या ट्रान्झॅक्शननं तीच बेरीज वाचली आणि इचलकरंजीचं लिहिलं. ह्याला राइट स्क्यू म्हणतात. १९९२ च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्ये चार लेव्हल्स सांगितल्यात डर्टी रीड (दुसऱ्याचं कमिट न झालेलं वाचणं), नॉनरिपीटेबल रीड (तीच ओळ परत वाचली की बदललेली) आणि फँटम ह्या तीन दोषांवरून, त्यात हा बसत नव्हता. १९९५ साली जिम ग्रे वगैरे मंडळींनी त्या व्याख्यांची चिरफाड करणारा पेपर लिहिला, त्यात हा नाव देऊन मांडला.

तुम्ही म्हणाल पोस्टग्रेस सिरियलायझेबलमध्ये हे पकडतं की. पकडतं, पण दोन्ही खाती एकाच डेटाबेसमध्ये असली तर. तुमच्यात चिकोडीचा डेटाबेस बघतो की पोरानं आधी वाचलं, बापानं नंतर लिहिलं, म्हणजे पोरगा आधी आणि बाप नंतर, काही चूक नाही. इचलकरंजीचा बघतो की बापानं आधी वाचलं, पोरानं नंतर लिहिलं, म्हणजे बाप आधी आणि पोरगा नंतर, इथंही चूक नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात आणि दोघांचं एकत्र केलं की गाठ बसते. ही गाठ बघायला वर कुणीच नाही. कोऑर्डिनेटर फक्त तयार काय, तयार काय एवढंच विचारत फिरतो.

सिरियलायझेबलच्या वर शिडी नाही, तेव्हा लॉक स्वतः घ्यायचा. दोन्ही खात्यांच्या ओळी सिलेक्ट फॉर अपडेटनं (वाचतानाच ओळीवर लॉक घेणारा आदेश) वाचा, आणि दोन्ही शाखांतनं एकाच क्रमानं, आधी चिकोडी मग इचलकरंजी, कुठूनही पैसे काढले तरी. क्रम उलटा झाला तर बाप चिकोडी धरून इचलकरंजीची वाट बघणार आणि पोरगा इचलकरंजी धरून चिकोडीची, आणि हा डेडलॉक दोन्ही डेटाबेसला दिसणारच नाही कारण प्रत्येकाला अर्धीच वाट दिसते. म्हणून लॉक टाइमआउट लावाच. पोस्टग्रेसमध्ये तो डिफॉल्टला शून्य असतो, म्हणजे जन्मभर थांबेल. ४०००१ आला तर फक्त तेवढीच क्वेरी नको, दोन्हीकडचं रोलबॅक करून (केलेलं मागं घेऊन) अख्खा व्यवहार पहिल्यापासून.

खरं सांगू का, मला हेसुद्धा फार आवडत नाही. मर्यादेचा आकडा एकाच डेटाबेसमध्ये एका ओळीत ठेवा आणि पैसे काढणाऱ्या प्रत्येकानं ती ओळ लिहायचीच असा नियम करा, तिथं दोघं समोरासमोर येतात आणि एकाला थांबावंच लागतं. इचलकरंजीची लाइन गेली की तिथलं काउंटर बंद पडेल, हा तोटा आहे. तो तुमच्या मॅनेजरला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : डॉटनेट, एसक्यूएल सर्व्हर. एका स्क्रीनवर ट्रान्झॅक्शनस्कोप वापरला तेव्हापासून दुसऱ्याच साध्या स्क्रीनवर डेडलॉक यायलेत. त्या स्क्रीनला मी हात लावलेला नाही, शपथ! (खानापूर)

शपथ मान्य. ट्रान्झॅक्शनस्कोपला (डॉटनेटमधला ट्रान्झॅक्शन उघडणारा भाग) काही सांगितलं नाही तर तो सिरियलायझेबल घेतो, एसक्यूएल सर्व्हरचा स्वतःचा डिफॉल्ट रीड कमिटेड (बरीच ढिली पायरी) असला तरी. आणि काम संपल्यावर कनेक्शन पूलमध्ये (परत वापरायच्या कनेक्शनचा साठा) परत जाताना ती लेव्हल बऱ्याच व्हर्जनमध्ये पुसली जात नाही. तेच कनेक्शन साध्या स्क्रीनला मिळतं, ती जास्त लॉक धरते आणि डेडलॉक येतात. लग्नाला भाड्यानं आणलेलं पातेलं न घासता परत दिल्यासारखं आहे, पुढच्याच्या खिरीला तुमच्या रश्श्याचा वास येणार. स्कोप उघडताना रीड कमिटेड स्वतः लिहा, आणि साध्या स्क्रीनच्या ट्रान्झॅक्शनलाही लिहा. आतल्या स्कोपला बाहेरच्यापेक्षा वेगळी लेव्हल देऊ नका, एक्सेप्शन येतो. जावावाले हसू नका, हिकारी हा जावाचा पूल लेव्हल परत जागेवर आणतो खरा, पण तुम्ही ती जेडीबीसीच्या (जावातनं डेटाबेसशी बोलायचं स्टँडर्ड) मेथडनं बदलली असेल तर. हातानं एसक्यूएल पाठवून बदलली असेल तर त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

प्रश्न : सर, व्हायवामध्ये विचारलं की ट्रान्झॅक्शन चालू असताना मधेच लेव्हल बदलली तर काय होतं. मी म्हणालो लगेच बदलते. मॅडम नुसत्या हसल्या. (टिळकवाडी, बेळगाव)

अरे, मॅडमनी विचारायला पाहिजे होतं कुठल्या डेटाबेसमध्ये. पोस्टग्रेस पहिली क्वेरी झाल्यावर बदलू देत नाही, एरर येतो. मायएसक्यूएलमध्ये नुसतं सेट ट्रान्झॅक्शन हे पुढच्या एकाच ट्रान्झॅक्शनसाठी असतं आणि चालू असताना दिलं तर १५६८ नंबरचा एरर. एसक्यूएल सर्व्हर मात्र मधे बदलू देतो, फक्त मधेच स्नॅपशॉटवर उडी मारता येत नाही. जेडीबीसीचं स्टँडर्ड म्हणतं ज्याचं त्यानं ठरवावं. म्हणजे तुझं उत्तर एसक्यूएल सर्व्हरपुरतं बरोबर होतं. मॅडमना सांग, पण मार्क लागल्यावर.