‘आपसात मिटवा’ कुठे चालतं, कुठे नाही

मुलांची भांडणं मुलांनीच मध्यस्थ होऊन सोडवावीत, असा प्रयोग काही शाळा करताहेत, काही करू म्हणताहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण गोंधळ तोच असतो. कुणाला मध्यस्थ म्हणजे छोटा न्यायाधीश वाटतो, कुणाला तक्रारी गिळून टाकण्याची सोय. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच घेते. नावं-गावं गाळली आहेत.

वर्गाच्या मॉनिटरलाच मध्यस्थ केलं तर? वेगळी निवड नको. (मुख्याध्यापक)

नको. मॉनिटर फळ्यावर नावं लिहितो. ज्याच्या हातात खडू, त्याच्यासमोर कोण मोकळेपणी बोलेल?

कितवीपासून सुरू करावं?

ऐकून घेण्याचा सराव तिसरी-चौथीपासून. दुसऱ्यांच्या भांडणात मध्यस्थ म्हणून बसणं पाचवी-सहावीच्या पुढे. तुमच्या वर्गाचा अंदाज वर्गशिक्षकांना असतो, त्यांच्याशी बोलून ठरवा.

हुशार, शांत मुलं निवडावीत की वर्गात मतदान घ्यावं?

फक्त गुणी मुलं निवडलीत तर बाकीचा वर्ग त्यांना ‘बाईंची माणसं’ म्हणतो आणि त्यांच्याकडे फिरकत नाही. मतदानात लोकप्रिय मुलं येतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांनी वेगळी रीत मांडली: शिकवायचं सगळ्या वर्गाला, आणि रोज दोघांनी पाळीपाळीने मध्यस्थ व्हायचं. मला हीच पटते. स्वतः भांडखोर असलेली मुलं कधी कधी उत्तम मध्यस्थ होतात, कारण भांडण कुठे पेटतं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. सगळ्यांना शिकवणं जमत नसेल तर वर्गाकडून नावं मागवा, जोडीत एक मुलगा-एक मुलगी ठेवा आणि दोघं एकाच वस्तीतली, एकाच कंपूतली नकोत.

मी सातवीची वर्गशिक्षिका. आमची मध्यस्थ मुलगी दोघांना बसवून ‘चूक कोणाची?’ विचारते आणि भांडण नव्याने सुरू होतं. कुठे चुकतं?

त्या प्रश्नातच. चूक ठरवायची म्हटलं की दोघंही वकील होतात. मध्यस्थाने निकाल द्यायचा नाही, ‘का केलंस?’ असंही विचारायचं नाही. ‘काय झालं?’ एवढंच विचारायचं, आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून ‘बरोबर?’ म्हणायचं.

एक उदाहरण घेऊ. एक मुलगा म्हणतो, “ह्याने माझं कर्कटक मोडलं.” मध्यस्थ म्हणते, “म्हणजे तू दिलंस तेव्हा नीट होतं, परत आलं तेव्हा टोक वाकलं होतं. बरोबर?” तो मान हलवतो. मग दुसऱ्याची पाळी, मध्ये बोलायचं नाही. दुसरा बराच वेळ गप्प. मग म्हणतो, “मागच्या आठवड्यात मी ते मागितलं तर हा सगळ्यांसमोर मला भिकारी म्हणाला.” आता कुठे खरं भांडण टेबलावर आलं. कर्कटक निमित्त होतं.

यानंतर दोघांना काय हवंय ते विचारायचं, उपाय दोघांकडूनच काढायचे आणि कागदावर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. ‘पुन्हा असं करणार नाही’ हा समझोता नव्हे. ‘सोमवारी नवीन कर्कटक आणून देईन’ आणि ‘त्या शब्दाने हाक मारणार नाही’ हा समझोता. आठवड्याने पुन्हा विचारायचं, पाळलं का?

आणि बाई, ‘आधी सॉरी म्हण’ हे वाक्य मध्यस्थांना विसरायला लावा. मोठ्यांनाही. तुम्ही स्वतः, भांडणारी दोघं दिसतील एवढ्या अंतरावर बसा, ऐकू येईल एवढ्या नको.

एक संस्था एका दिवसात मध्यस्थ तयार करून देते. मुलांना बिल्ले, शाळेला ‘भांडणमुक्त शाळा’ प्रमाणपत्र, फी प्रत्येक मुलामागे. घ्यावी का?

प्रमाणपत्र भिंतीवर टांगायला छान. एका दिवसात मुलं पायऱ्या पाठ करतात. भांडण अंगावर आलं की पाठ केलेलं विसरतात. खोटी भांडणं रचून काही आठवडे सराव आणि दर आठवड्याला एका जाणत्या मोठ्या माणसाबरोबर बैठक, याशिवाय हे टिकत नाही. संस्थेला दोन प्रश्न विचारा. पुढच्या महिन्यात तुमच्यापैकी कोण येणार? आणि कोणती प्रकरणं मुलांकडे द्यायची नाहीत? दुसऱ्याचं उत्तर ‘सगळी चालतात’ असं आलं तर फाटकातूनच परत पाठवा.

‘भांडणमुक्त’ या शब्दाचीच मला धास्ती वाटते. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हापासून तंटामुक्त शाळेचे फलकही सुचवले जातात. भांडणं कमी दिसण्यावर कौतुक ठरलं की भांडणं वहीतून गायब होतात, मैदानातून नाही.

माझा मुलगा सहावीत. नववीतली तिघं त्याचा डबा घेतात, पैसे मागतात, जातीवरून हाक मारतात. शाळेने त्याला आणि त्यांना विद्यार्थी मध्यस्थांपुढे बसवलं, दोन्ही बाजूंची समजूत घातली, हात मिळवायला लावले. चार दिवसांत पुन्हा सुरू. आता सर म्हणतात, तुमच्या मुलानेच समझोता पाळला नाही.

इथे दोन बाजू नाहीत. एकीकडे छळणारे आहेत, दुसरीकडे तुमचा मुलगा. यात मध्यस्थी करायचीच नव्हती.

मध्यस्थीला दोघं साधारण बरोबरीचे लागतात, आपखुशीने आलेले लागतात आणि नको वाटलं तर दोघांनाही उठून जाता आलं पाहिजे. सहावीतला एकटा मुलगा नववीतल्या तिघांसमोर कुठून उठून जाणार? आणि समझोत्यात लिहिणार काय, डबा आठवड्यातून दोनच दिवस घेऊ? छळ सोसणाऱ्याला ‘तुला कशाने वाईट वाटतं ते सांग’ म्हणायचं आणि ते छळणाऱ्यांनी ऐकायचं, म्हणजे उद्या कुठे टोचायचं याची माहिती त्यांच्या हातात. अमेरिकन सरकारचं दादागिरीविरोधी मार्गदर्शनही स्पष्ट सांगतं की छळाच्या प्रकरणात मध्यस्थी वापरू नका.

तरी शाळा वापरतात. कारण तक्रार नोंदवावी लागत नाही, संस्थाचालकांपर्यंत जात नाही, पेपरात येत नाही. ‘मुलांनी मुलांत मिटवलं’ म्हणून सगळे मोकळे. जागेवरून, खेळातल्या आउटवरून, कट्टीवरून भांडण असेल तर जरूर मध्यस्थांकडे द्या. वसुली, मारहाण, हत्यार, जातीवरून किंवा धर्मावरून अपमान, अंगाला हात लावणं, फोटो फिरवणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काहीही असेल तर ते मोठ्यांचं काम आहे आणि त्याच दिवशी करायचं आहे. बारा-तेरा वर्षांच्या मध्यस्थाच्या खांद्यावर हे ठेवणं त्या मध्यस्थावरही अन्याय आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. त्यात संस्थाप्रमुखाने तक्रारीची सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि वसतिगृहंही त्यात येतात.

तुम्ही काय कराल? मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या, तारखांसह, आणि पोच घ्या. हालचाल नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. जातिवाचक शब्दांबाबत कायद्याचं पाऊल उचलण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला मिळतो, तो घ्या. त्या मुलांच्या घरी भांडायला जाऊ नका. मुलगा सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, शाळेचं नाव काढलं की गप्प होत असेल तर समुपदेशकाकडे न्या, ‘होईल बरा’ म्हणून थांबू नका. त्या तिघांनाही समुपदेशक लागणार आहे, पण ती व्यवस्था शाळेने बघायची.

मारायला बंदी आली म्हणून ही नाटकं. आमच्या वेळी दोन छड्यांत मिटायचं. (निवृत्त शिक्षक)

मिटायचं नाही सर, शाळा सुटल्यावर नदीवर व्हायचं. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई.

मी आठवीत आहे, मध्यस्थ आहे. एका मुलीने मला सांगितलं की घरी एक नातेवाईक तिच्याशी घाणेरडं वागतो. कुणाला सांगू नको म्हणाली. आम्ही गुप्ततेची शपथ घेतली आहे.

बाळ, आजच सांग. तुला विश्वास वाटतो त्या बाईंना, नाहीतर आईला. कुणीच नसेल तर १०९८ ला फोन कर. शपथ भांडणातल्या गोष्टींसाठी होती, यासाठी नाही, आणि हे तुला आधीच सांगायला हवं होतं ते आम्हा मोठ्यांनी. तिला म्हण, ‘मी हे एकटी सांभाळू शकत नाही, आपण मिळून बाईंकडे जाऊ.’ ती रागावली तरी सांग.

तिच्या बाईंसाठी: स्वतः चौकशी करत बसू नका, घरच्यांना बोलावून खातरजमा करू नका. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार, २०१२ पासून, हे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं गुन्हा आहे. बालकल्याण समितीची मदत मागा.

दोन खोल्यांची शाळा, स्वतंत्र खोली नाही. वार्षिक परीक्षाही जवळ आली. जूनपासून बघू का?

खोली लागत नाही. व्हरांड्याचं टोक चालेल, झाडाखालचा पार चालेल, ऑफिस चालणार नाही. सरावाला जून कशाला हवा? ‘काय झालं?’ आणि ‘बरोबर?’ हे दोन प्रश्न या आठवड्यापासून मधल्या सुट्टीत सुरू करा. मध्यस्थांची नेमणूक तेवढी जूनमध्ये, पालकसभेत सांगून आणि अवघड प्रकरण आलं तर कोणत्या समुपदेशकाला फोन करायचा ते आधी ठरवून. तालुक्यात कुणी माहीत नसेल तर गटसाधन केंद्रात विचारा.