बझबीला 'शिरस्त्राण' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईवरच्या लेखाचं भाषांतर करताना ब्रिटिश हुसार (हलक्या घोडदळातल्या) स्वारांच्या बझबीला 'केसाळ शिरस्त्राण' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. शिरस्त्राण म्हणजे शिरस् अधिक त्राण, डोक्याचं रक्षण करतं ते. बझबी ही फरची उंच टोपी, वरून सपाट, आणि उजव्या अंगाला रंगीत कापडाची पिशवी लोंबते. ११व्या हुसार रेजिमेंटची पिशवी किरमिजी होती. ती पिशवी कशाला, असं हमखास विचारतात, तर मुळात हंगेरियन घोडेस्वारांची टोपीच ती, कापडाची, खाली फरची कड असलेली. पुढे कड वाढत वाढत गेली आणि टोपी बिचारी बाजूला लोंबत राहिली :) आणि गंमत म्हणजे 'बझबी' शब्द काही हंगेरियन नाही, इंग्रजीत तो आधी मोठ्या झुपकेदार केसांच्या टोपासाठी वापरायचे, विगसाठी हो.

आता २५ ऑक्टोबर १८५४ चा, बालाक्लाव्हाच्या लढाईचा दिवसच बघा, म्हणजे एकच शब्द सगळ्यांना लावला तर काय घोळ होतो ते कळेल. लाइट ब्रिगेडमध्ये, म्हणजे हलक्या घोडदळात, १७व्या लान्सर्सच्या (भालेवाल्या स्वारांच्या) डोक्यावर चौकोनी माथ्याची चापका होती (पोलिश शब्द, तिकडे अर्थ साधा 'टोपी'), लाइट ड्रगून्स या रेजिमेंटांकडे शाको, म्हणजे नळकांड्यासारखी उंच टोपी (हा शब्द मात्र हंगेरियन, 'चाको'वरून), आणि ११व्या हुसारकडे बझबी. यातल्या एकालाही मी शिरस्त्राण म्हणणार नाही. त्याच दिवशी सकाळी लढलेल्या हेवी ब्रिगेडच्या (जड घोडदळाच्या) बहुतेक रेजिमेंटांकडे मात्र धातूची हेल्मेट्स होती, तिथे शिरस्त्राण किंवा सरळ 'टोप' लिहा, अगदी फिट बसतं. अपवाद स्कॉट्स ग्रेजचा, त्यांची अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी, म्हणजे बेअरस्किन. हिला बझबी म्हणायची चूक इंग्रजीवालेही करतात, तेव्हा तुम्ही तरी करू नका.

कोणी म्हणेल जिरेटोपासारखा एखादा देशी शब्द घ्या की. पण त्यातलं जिरे फारसी 'जिरह' म्हणजे कड्यांचं चिलखत, फरच्या टोपीला ते कसं लावणार? अर्थात आपणही चित्रातल्या कापडी मंदिलाला बिनधास्त जिरेटोप म्हणतो, त्यामुळे फार ताठ राहायची सोय नाही.

उलटा प्रवासही आहेच. हिंदुस्थानात गोऱ्या फौजेने जी हलकी हॅट घातली तिचं इंग्रजी नाव 'सोला टोपी', त्यातली टोपी आपली आणि सोला म्हणजे पाणथळीतली शोला वनस्पती, ऊन-बिन काही नाही, इंग्रजांनी नंतर 'सोलर' करून टाकलं. मराठीत तिचा गर म्हणजे भेंड, ज्याची बाशिंगं करतात तोच! आणि वर गुंडाळायच्या कापडाला 'पगरी', आपल्या पगडीच्याच घराण्यातला शब्द.

तर भाषांतरात बझबी, शाको, चापका तसेच ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे अर्धं वाक्य वर्णनाचं द्या. 'फरची उंच बझबी' एवढंसुद्धा पुरतं.