पेरॉक्सिझोममध्ये प्रथिनं कशी शिरतात, आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) नेमका कुठे खर्च होतो?

तुम्ही विचारलंय, मायटोकॉन्ड्रियात प्रथिन उलगडून दोऱ्यासारखं ओढलं जातं, तसंच पेरॉक्सिझोममध्येही, म्हणजे पेशीतल्या एन्झाइमं भरलेल्या छोट्या पिशवीतही, होतं का? नाही. इथं प्रथिन घडी घातलेलं, तयार अवस्थेतच आत जातं. मी लातूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. याच जागी मुलं हमखास अडतात.

आपल्याकडची करडई घ्या. बी उगवताना पहिली पानं हिरवी होईपर्यंत रोप साठवलेल्या तेलावर जगतं. त्या तेलाची साखर करण्यात ग्लायऑक्सिझोमचा मोठा वाटा, आणि तो पेरॉक्सिझोमचाच प्रकार. पण त्याला ना स्वतःचा डीएनए, ना रायबोझोम. आतलं प्रत्येक एन्झाइम पेशीद्रवात बनून येतं.

कोणतं प्रथिन आत न्यायचं, ते ओळखायचं कसं? बहुतेकांच्या अगदी शेवटी तीन अमिनो आम्लांची खूण असते: सेरीन, लायसीन, ल्यूसीन, किंवा त्यांच्या जवळपासची. ही खूण सापडली काजव्याच्या ल्यूसिफरेज या एन्झाइममुळे. १९८९ मध्ये स्टीफन गूल्ड, सुरेश सुब्रमणी आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. मला हा शोध फार आवडतो. पावसाळ्याच्या तोंडावर काजवा दिसला की वर्गात तिथूनच सुरुवात करतो. काही थोड्या प्रथिनांची खूण सुरुवातीकडे असते, ती पेक्स-७ हे वाहक प्रथिन ओळखतं.

शेवटची खूण धरतो पेक्स-५, हाही एक वाहक प्रथिनच. त्याला मोंढ्यातला हमाल समजा. भरलेलं पोतं तो आहे तसं उचलतो, पेक्स-१३ आणि पेक्स-१४ या दारावरच्या प्रथिनांपाशी येतो आणि माल आत सोडतो. हे दार किती मोठा माल घेतं? १९९५ च्या प्रयोगात खूण चिकटवलेले ९ नॅनोमीटरपर्यंतचे सोन्याचे कणसुद्धा आत गेले. सोनं काही उलगडत नाही!

आता एटीपी. मुलांना वाटतं, तो माल आत ढकलायला लागतो. खरं तर तो हमालाला बाहेर काढायला लागतो. माल टाकल्यावर पेक्स-५ पेरॉक्सिझोमच्या पटलातच अडकून राहतो. पेक्स-२, पेक्स-१० आणि पेक्स-१२ मिळून त्याला युबिक्विटिन हे छोटं प्रथिन जोडतात. ते धरून पेक्स-१ आणि पेक्स-६ यांचं यंत्र एटीपी खर्चून त्याला ओढून बाहेर काढतं, आणि तो पुढच्या खेपेला मोकळा होतो.

पेरॉक्सिझोम नीट न बनल्यामुळे होणाऱ्या, झेलवेगर गटाच्या आनुवंशिक आजारांत सर्वांत जास्त वेळा बिघडलेलं सापडतं ते पेक्स-१ चंच जनुक. म्हणजे दोष माल आत नेण्यात नाही, हमाल परत आणण्यात. या आजाराच्या गंभीर प्रकारात पेशीत पेरॉक्सिझोमच्या रिकाम्या पिशव्या दिसतात आणि एरवी आत असणारं कॅटलेज हे एन्झाइम बाहेर पेशीद्रवातच पडून राहतं.