हवा बरोबर, तरी काचबिंदू?

प्रश्न : एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो, वय 63. डोळ्याचा दाब दोनदा तपासला, दोन्ही वेळा 17. नॉर्मल म्हणे 10 ते 21. तरी काचबिंदू सांगून रोज रात्री एक थेंब घालायला दिलाय. हवा बरोबर असताना ती कमी कशाला करायची?
ता. क. बाकी तब्येत ठणठणीत. रोज पाच मिनिटं शीर्षासन करतो.
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रश्न टायरवाल्याचा आहे, तेव्हा उत्तरही टायरपासूनच सुरू करते. सारख्याच हवेवर दोन टायर पळतात. एकाला काही होत नाही, दुसऱ्याला बाजूने फुगा येतो. अशा वेळी तुम्ही टायर उतरवून बघता. आम्ही डोळ्याचे डॉक्टर मात्र कितीतरी वर्षं नुसतं गेजच बघत बसलो होतो!

एमबीबीएसला असताना खाटकाकडून आणलेला बोकडाचा डोळा कापला होता. बाहेरचं पांढरं कवच, म्हणजे श्वेतपटल, ओल्या चामड्यासारखं चिवट. ब्लेडला दाद देईना. आतला रेटिना मात्र भिजलेल्या टिश्यू पेपरसारखा अलगद सुटला आणि मागे एकाच जागी लोंबत राहिला. डोळ्याची नस बाहेर पडते ती ही जागा. तुमचं दुखणं तिथलंच.

माणसाच्या डोळ्यात हे भोक जेमतेम दीड मिलिमीटरचं, आणि त्यातून दहा लाखांच्या आसपास तंतू मेंदूकडे जातात. भोकावर कोलॅजनच्या धाग्यांची चाळणी असते, लॅमिना क्रिब्रोसा. भोवतालचं कवच साधारण एक मिलिमीटर जाड. चाळणी त्याहून पातळ आणि नरम. आता हिशेब करा. 17 चा दाब म्हणजे 17 मिलिमीटर पारा, 23 सेंटिमीटर पाण्याइतका, ऐकायला किरकोळ. पण 12 मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्याला एक मिलिमीटरची भिंत असेल, तर भिंतीतला ताण त्या दाबाच्या सहापट होतो, आणि भोकाच्या कडेला त्याहूनही जास्त. म्हणून तिथे कोलॅजनचे धागे गोल कड्यासारखे फिरलेले असतात. ट्यूबला व्हॉल्वभोवती जाड रबर असतं ना, तसंच.

कुणाचं हे कडं दणकट, कुणाचं नाही. चाळणी कमजोर असली की 17 च्या दाबानेही ती मागे वाकते, तिची भोकं वेडीवाकडी होतात, तंतूंची रसद अडते, रक्तपुरवठाही दबतो. शिवाय चाळणीच्या मागच्या बाजूला मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब टेकू देत असतो. तो कमी पडला तरी पुढचा दाब जड जातो.

चाळणी बदलता येत नाही, आणि ती किती ताठ आहे हे मोजायचं यंत्र माझ्या ओपीडीत नाही. हातात राहते ती हवा. तुमच्यासारख्याच नॉर्मल दाबाच्या काचबिंदूवरचा एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. दाब 30 टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी 12 टक्के डोळ्यांत आजार पुढे सरकला. उपचार न केलेल्यांत 35 टक्के. तुमच्या हिशेबात 17 चे 12 करायचे. त्यासाठी तो थेंब.

आता ता. क.कडे वळते, कारण खरी धास्ती मला त्याचीच वाटली. डोक्यावर उभं राहिलं की डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. योग करणाऱ्यांवरच हे मोजलेलं आहे. रात्री थेंब घालून पाच आकडे उतरवायचे आणि सकाळी सतरा चढवायचे? शीर्षासन उद्यापासून बंद. चालायला जा.