एपिंटचा माळ ओसाड नव्हता

प्रश्न : वेल्समध्ये ब्रेकनहून बिल्थ वेल्सला जाताना डोंगरावर लाल निशाणं आणि लष्करी हद्दीचे फलक दिसले. ही छावणी कधीची? तिथे पहिल्यापासून उजाड माळच होता का?
– एक वाचक, कार्डिफ

उत्तर : नाही हो, उजाड मुळीच नव्हता. तुम्ही पाहिलात तो एपिंटचा डोंगर. छावणी सेनीब्रिजची, १९४० सालची. महायुद्ध सुरू झालं, तोफखान्याला सरावासाठी जागा हवी होती, म्हणून सरकारने सुमारे ३०,००० एकर ताब्यात घेतले. ५४ घरांतल्या २१९ माणसांना जूनपर्यंत घरं रिकामी करावी लागली. सगळी वेल्श बोलणारी, मेंढ्यांवर जगणारी कुटुंबं. ऐन विणीच्या दिवसांत त्यांची आवराआवर चालली होती. शाळा बंद झाली, बाबेल नावाचं प्रार्थनामंदिरही.

वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातले इओर्वर्थ पीट तेव्हा तिथे गेले होते. एका घराच्या अंगणात ८२ वर्षांची आजी खुर्ची टाकून डोंगराकडे बघत बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुठून आलास, तिने विचारलं. कार्डिफहून, ते म्हणाले. ‘पोरा, जमेल तितक्या लवकर तिकडे परत जा. इथे जगाचा शेवट झालाय.’

लढाई संपली की परत येऊ, या आशेवर कित्येक जण निघाले होते. ग्लानदूरचे शेतकरी टॉमस मॉर्गन तर घर सोडल्यावरही परत जाऊन चूल पेटवून यायचे. तिकडचा पाऊस आणि ओल अशी, की बंद घराच्या भिंतींत पाणी मुरतं. चूल पेटती असली की दगड कोरडा राहतो, घर तग धरतं. शेवटी लष्कराने ते घर सुरुंगाने उडवलं आणि आता यायची गरज नाही, असं त्यांना सांगितलं. ती विझलेली चूल माझ्या मनातून जात नाही.

युद्ध संपलं, जमीन काही परत मिळाली नाही. उलट, पुढे गल्लीबोळांतल्या लढाईच्या सरावासाठी तिथेच एक खोटं गाव बांधलं. खरी घरं पाडलेल्या डोंगरावर खोटी घरं! याचा मला आजही राग येतो.

लाल निशाण म्हणजे गोळीबार चालू. रस्ता सोडू नका. हद्दीच्या कडेने एपिंट वे नावाची पायवाट जाते, ती जरूर चाला. बाबेलचा आता फक्त पाया उरलाय आणि शेजारी जुनी थडगी.